एकोणीस फोन आणि निळा टब

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरुजी राहत असत. सारा गाव त्यांना ज्ञानी म्हणे. गाव म्हणे, एवढंच खरं. वयाने माणूस शहाणा होतोच असं नाही. पण एका वयानंतर त्याला मध्येच थांबवणारं कुणी उरत नाही, आणि न अडखळता बोलत राहणाऱ्याला लोक ज्ञानी समजू लागतात.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजी वधूवर सूचक मंडळ चालवत. बावीस वर्षं, विनामूल्य. दर रविवारी सकाळी मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत सतरंजी पसरली जाई. आधी गुरुजींचं प्रवचन, मग स्थळांची देवघेव, मग चहा. पूर्वी स्थळांच्या वह्या असत. पुढे सगळं गुरुजींच्या मोबाईलमध्ये आलं. चारशे घरांतल्या मुलींचे फोटो, जन्मवेळा, पत्ते, आणि ‘हे फक्त तुमच्या कानावर घालतोय गुरुजी’ असं म्हणून सांगितलेल्या गोष्टी. या मोबाईलला कुलूप नव्हतं. मुलाने घालून दिलेला आकडा गुरुजींनी काढून टाकला होता. ते म्हणत, “माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?” आणि ऐकणारे प्रसन्न होऊन माना डोलावत.

गुरुजींचा एक शिष्य होता. तंत्रनिकेतनचं शिक्षण दुसऱ्या वर्षात सोडून घरी परतलेला. आईबाप, शेजारी, रसवंतीवरचे अनोळखी लोक, सगळे त्याला एकच विचारत, आता पुढे काय. गुरुजींनी कधी विचारलं नाही. ते फक्त म्हणाले होते, सतरंजी टाक. तेवढ्यावर तो त्यांच्याकडे टिकला होता. त्याला मोबाईल उघडता येई, जोडता येई. वसतिगृहात अर्ध्या मजल्याचे फोन त्यानेच दुरुस्त केले होते. पण मंडळात त्याला कुणी हे विचारलं नव्हतं.

एका शनिवारी गुरुजी फोनवर बोलून उठताना फोन हातातून फरशीवर पडला आणि पडदा काळा झाला. रविवारी पहाटे मुलाने नवा आणून दिला, सिम त्यात घातलं, आणि त्याच सकाळी गुरुजींना प्रवचनाचा विषय सापडला.

ते म्हणाले, “मोबाईल म्हणजे काय? देह. आणि सिम? तो आत्मा. आत्मा काढून घेतला की मागे उरतं ते कलेवर. तुम्ही घराघरात, कपाटाकपाटात कलेवरं जपून बसला आहात. कशासाठी? जे गेलं ते सोडता आलं पाहिजे.”

सभा भारावली. महसूल खात्यातले निवृत्त सर्कल अधिकारी टिपरे यांनी डोळे मिटले. शिष्याने हात वर केला. गुरुजी म्हणाले, प्रश्न शेवटी. शेवटी चहा झाला.

सोमवारी सकाळी गल्लीत फेरीवाला आला. त्याच्या दुचाकीला दोन्ही बाजूंनी टब-बादल्यांचे मनोरे बांधलेले आणि पुढे भोंगा: बंद मोबाईल, फुटका मोबाईल, भिजका मोबाईल द्या, टब घ्या, बादली घ्या. एरवी त्याच्याकडे दोन-तीन बायका थांबत. त्या दिवशी मंडळातल्या ज्येष्ठांची रांग लागली. प्रत्येकाने टाचणीने सिम काढलं, खिशात घातलं, आणि मोबाईल देऊन टाकला. रणदिवे काकूंनी गेल्या वर्षी वारलेल्या यजमानांचा फोन दिला. देण्याआधी त्याला नमस्कार केला आणि झाकणाची बादली घेतली. टिपरेंनी तीन दिले, तिन्ही एकाच बादलीवर, म्हणून दिवसभर कुरकुरले. गुरुजींनी पाय शेकायला होईल असा मोठा निळा टब घेतला. सारे मिळून एकोणीस फोन गेले. ज्याला हात वर करूनही विचारता आलं नव्हतं, तो शिष्य या सगळ्यांचे टब घरोघरी पोचवत होता. त्याला वाटत होतं की काहीतरी चुकतंय. पण इतकी पांढरी डोकी एकाच वेळी चुकू शकतात, यावर त्याचा अजून विश्वास बसत नव्हता.

गुरुवारी सकाळी गुरुजींचा नवा फोन वाजला. पलीकडे एक तरुण बाई होती. तिचं नाव इथे लिहीत नाही.

तिचं लग्न चार वर्षांपूर्वी गुरुजींनीच जमवलं होतं. मुलगा निर्व्यसनी, घराणं चांगलं, असं त्यांनी स्वतः छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. ती त्या घरातून पळाली. नवऱ्याने तिला दोनदा शोधून काढलं; दुसऱ्या वेळी तिच्या मामाच्या घराचं दार तोडून. आता ती लांबच्या एका शहरात, एका औषधांच्या दुकानात कामाला होती. तिचा नवा नंबर दोघांनाच ठाऊक होता, आईला आणि गुरुजींना. गुरुजी दर शनिवारी तिला फोन करत. काय बोलायचं ते त्यांना कधीच सुचत नसे. जेवलीस का, एवढं विचारून ठेवत. फोन हातातून पडला तो अशाच एका शनिवारी.

ती म्हणाली की बुधवारी दुपारी तिला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पुरुषाचा आवाज होता. ‘हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?’ एवढंच म्हणून त्याने ठेवला. तिला रात्रभर झोप नव्हती. तिने बॅग भरली होती.

“गुरुजी, नंबर कुणाला दिलात?”

“कुणालाच नाही गं,” गुरुजी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर न्हाणीघराच्या दाराशी पालथ्या घातलेल्या निळ्या टबावर गेली.

ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत मला सांगा हा कोण होता. नाही कळलं तर मी इथून जाते. कुठे जाणार, तेही या वेळी सांगणार नाही.

शिष्य तिथेच बसून स्थळांची यादी लिहीत होता. त्याने सगळं ऐकलं. त्याला वाटलं, गुरुजी आता पोलिसांना फोन करतील, मुलाला करतील. गुरुजी उठले, त्यांनी टब धुतला, पंच्याने कोरडा केला, बगलेत मारला आणि निघाले. शिष्याला काही उमगेना. बाईचा जीव टांगणीला लागलेला आणि हा म्हातारा टब घेऊन कुठे चालला? त्याने तसं विचारलंही, जवळजवळ याच शब्दांत. गुरुजी म्हणाले, “घेतलेलं परत केल्याशिवाय दिलेलं कसं मागायचं?” हे उत्तर आहे की आणखी एक प्रवचन, हे शिष्याला कळलं नाही. तो मागे गेला.

फेरीवाला गुरुवारी बसस्थानकापाशी असे. त्याने सांगितलं, माल मंगळवारीच जिल्ह्याच्या ठिकाणी व्यापाऱ्याकडे पोचला. टब तो परत घेईना. वापरलेला आहे, म्हणाला. मग दोघं टबासकट एसटीत बसले. कंडक्टरने टबाकडे पाहून विचारलं, याचं अर्धं काढू का? गाडीभर लोक हसले. गावात ज्याच्यापुढे कुणी मोठ्याने खोकत नसे, तो माणूस मांडीवर टब घेऊन गप्प बसला होता, आणि शिष्याला प्रथमच त्याची कीव आली, रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काय बोलावं ते समजेना. शेवटी तो म्हणाला की अहो, सोपं आहे. तिला सांगा राँग नंबर होता. ती थांबेल. आपण फोन शोधू, सापडला तर ठीक. गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं.

व्यापाऱ्याचं गोदाम पत्र्याचं होतं. आत तांदळाच्या पोत्यांसारखी पोती उभी होती, आणि त्यांत तांदळाऐवजी फोन. मागच्या अंगणात एक माणूस शेगडीवर फोनच्या आतल्या हिरव्या पट्ट्या भाजून त्यांवरचे तुकडे पक्कडीने ओढून काढत होता. डोळे लाल, तोंडाला रुमाल. धूर असा, की जिभेवर नाणं ठेवल्यासारखं वाटावं. सोडा, सोडा, असं गुरुजी म्हणाले होते. गावाने सोडलेलं इथे या माणसाच्या छातीत जात होतं, हे त्या सतरंजीवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पुढच्या बाजूला बाकावर एक कारागीर बसला होता. जे फोन जगण्यासारखे, ते तो जगवी. बाकीचे अंगणात जात. त्याच्यासमोर गुरुजींचा फोन होता. नवा पडदा लागलेला, लखलखीत. त्यावर एका नवऱ्या मुलीचा फोटो उघडा होता, जरीची साडी, हातात नारळ. रंग नीट दिसतात का हे पाहायला त्याने तो सहज उघडला होता. गुरुजींनी तिला ओळखलं. ती त्यांच्या शेजारच्याच गल्लीत राहत होती.

व्यापारी हिशेबी होता, पण दुष्ट नव्हता. त्याने दोघांना पाणी दिलं. गुरुजींनी त्याला सिमची, आत्म्याची गोष्ट सांगितली, आपण असं का समजलो ते कळावं म्हणून. तो म्हणाला, “आजोबा, सिम म्हणजे नुसती दारावरची पाटी. पाटी काढून नेली म्हणून घर रिकामं होतं होय? सामान सगळं आतच असतं.”

हे वाक्य शिष्याला रविवारी म्हणायचं होतं.

गुरुजींनी एकोणीसच्या एकोणीस फोन मागितले. व्यापारी म्हणाला, असं कसं. मी ते वजनावर घेतलेत, पडदे घालून विकणार आहे. टब तुम्हालाच राहू द्या. मग गुरुजींनी खिशातून आपला नवा फोन काढला, सदऱ्याला लावलेली टाचणी काढली, फोनच्या कडेला टोचून सिम बाहेर घेतलं, आणि फोन व्यापाऱ्यापुढे धरला. “हा घ्या. नवा आहे. त्यांच्या बदल्यात.”

शिष्याने तो त्यांच्या हातातून हिसकावला. “गुरुजी, परत तेच? अहो, आत्ता काय सांगितलं यांनी?”

गुरुजींनी हातातल्या सिमकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. त्यांचा चेहरा वर्गात नाव पुकारल्यावर उभं राहून उत्तर न आठवणाऱ्या मुलासारखा झाला. व्यापारी एवढा हसला की त्याला ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्याने डोळे पुसले आणि कारागिराला सांगितलं, शोध रे बाबांचे फोन. नाहीतर हे उद्या घर देऊन जातील.

कारागिराने पोतं ओतलं. बाकावरचा धरून चौदा सापडले. दोन कालच विकले गेले होते. उरलेल्या तीन फोनांचं शेगडीवर काय झालं ते अंगणातला माणूस दाखवू शकला असता, पण कुणी विचारलं नाही.

मग गुरुजींनी सिम पुन्हा घालून घेतलं आणि त्या बाईला फोन लावला. शिष्य पुन्हा कुजबुजला, राँग नंबर म्हणा. गुरुजींनी आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा इतका, आणि म्हणाले, “मी दिला. तुझा नंबर मीच दिला. जुना फोन टबावर देऊन टाकला, आत सगळं तसंच ठेवून.”

शिष्याला वाटलं, संपलं. आता ती जाणार, आणि या म्हाताऱ्याने तिला स्वतःच्या तोंडाने घालवलं. खोटं बोलून जे सावरलं असतं ते खरं बोलून मोडायचं, यात कसलं ज्ञान?

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “आत्ता तो कुणाच्या हातात आहे?”

कारागिराने हात पँटला पुसले आणि फोन मागून घेतला. “ताई, तो मी होतो. पडदा बदलला की आवाज जातो का ते बघावं लागतं. माझं सिम घालून सगळ्यात वरचा नंबर दाबला. वर तुमचा होता.”

“काय म्हणाला होतात ते पुन्हा म्हणा,” ती म्हणाली.

तो संकोचला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. “हॅलो, हॅलो,” तो म्हणाला, “येतोय का आवाज?”

“हो,” ती म्हणाली. “हाच.” मग एक लांब श्वास ऐकू आला, आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज, उघडली की लावली, ते इकडे कळलं नाही. मग ती म्हणाली की ती आज कुठे जात नाही. नंबर मात्र बदलणार. “नवा नंबर तुम्हाला देणार नाही, गुरुजी. शनिवारी मीच करीन, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून.”

“बरोबर आहे,” गुरुजी म्हणाले.

शिष्याने विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का की ती थांबेल? गुरुजी टब पालथा घालून त्यावर बसले. म्हणाले, नाही, मुळीच ठाऊक नव्हतं. मग का सांगितलंत?

“राँग नंबर म्हणालो असतो, तर ती माझ्या भरवशावर थांबली असती,” गुरुजी म्हणाले. “आणि तो भरवसा याच पोत्यात पडला होता. आयुष्यभर म्हणत आलो, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. खरंच नाही रे. माझं कोण काय चोरणार? पण तिच्याकडे लपवण्यासारखं होतं, आणि ते माझ्या खिशात होतं. चारशे घरांनी आपल्या किल्ल्या माझ्याकडे ठेवल्या, आणि मी त्या माझं वैराग्य समजून उधळल्या. जे आपलं नाही ते टाकण्याला त्याग म्हणत नाहीत.”

एवढं बोलून ते थांबले. पूर्वी ते इथे थांबले नसते.

पुढच्या रविवारी सतरंजीच्या मधोमध निळा टब होता आणि टबात चौदा फोन. गुरुजी प्रवचनाच्या जागी बसले नाहीत. ते शेवटच्या रांगेत, दाराशी जिथे चपला काढतात तिथे जाऊन बसले. लोक माना वळवून पाहू लागले. टिपरे म्हणाले, तब्येत बरी नाही वाटतं. शिष्य उभा राहिला. तोही गोंधळलेला होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. त्याने जे जसं सुचलं तसं सांगितलं. आधी ज्याला त्याला त्याचा, रात्री जागून दुरुस्त केलेला फोन चार्जर लावून चालू करून दिला आणि म्हणाला, आत कोण कोण आहे ते बघा. टिपरेंच्या एका फोनमध्ये बँकेचा गुप्त आकडा ‘एटीएम मावशी’ या नावाने नंबरांच्या यादीत होता, आणि ती मावशी आपली कोण, हे शेजारच्याने निरागसपणे विचारलं. रणदिवे काकूंच्या यजमानांचा आवाज निघाला, मंडईतून पाठवलेला जुना निरोप होता, अगं, गवार कोवळी आहे, घेऊ का. काकूंनी फोन छातीशी धरला. त्या म्हणाल्या, मी याला नमस्कार करून दिला होता.

शिष्याने तो आवाज आधी काकूंच्या नव्या फोनमध्ये उतरवून दिला. मग प्रत्येकाचं असंच: हवं ते आधी काढून घ्यायचं, मग आपल्या खात्यांतून बाहेर पडायचं, छोटं मेमरी कार्ड काढायचं, आणि शेवटी फोन आतून सगळा पुसून कारखान्यातून आला तसा करायचा. एका फोनची बॅटरी चार्जर लावल्यावर पावासारखी फुगली होती. टिपरे ती सुरीने उचकटायला निघाले तेव्हा शिष्याने त्यांचा हात धरला. भोसकली तर पेटते, म्हणाला, आणि तो फोन तसाच, न उघडता, अंगणातल्या कुंडीत कोरड्या वाळूवर नेऊन ठेवला. पुसलेले सगळे फोन सोमवारी तो जिल्ह्याच्या सरकारमान्य ई-कचरा केंद्रात नेऊन देणार होता, जिथे पावती मिळते आणि शेगडी नसते. फुगलेला फोन पेटेल म्हणून बसमधून नेता येत नव्हता. केंद्राचा माणूस तो स्वतः येऊन नेणार होता. जे पाच परत आले नाहीत, त्यांच्या मालकांनी आपापल्या फोनमधल्या माणसांना एकेक करून कळवायचं होतं. सगळ्यांनी मान्य केलं. खरंच किती जणांनी कळवलं, कोण जाणे.

बोलणं चालू असताना शेवटच्या रांगेत एक हात वर झाला. गुरुजींचा होता.

शिष्याच्या तोंडाशी आलं, प्रश्न शेवटी. त्याने ते गिळलं.

“विचारा, गुरुजी.”

“कुलूप,” गुरुजी म्हणाले, “ते कसं लावतात?”

शिष्य रांगांमधून वाट काढत गेला, त्यांच्याशेजारी चपलांजवळ बसला, आणि त्यांचा हात हातात घेऊन दाखवू लागला. त्या दिवशी चहा उशिरा झाला.

तुमच्याही कपाटात एक जुना फोन असेल. देऊन टाकण्याआधी एकदा उघडून बघा. त्यात तुम्ही एकटे राहत नाही.